चितकबरी

भिवंडीत पांढरा रंग टिकत नाही. यंत्रमागांच्या शेडमधून सुताची बारीक लव दिवसरात्र उडत असते, अंजूरफाट्याच्या बाजूने गोदामांच्या ट्रकांची धूळ येते, आणि उघड्यावर जे असेल ते आठवड्याभरात करडं होतं. भिंती होतात, वाळत घातलेले सदरे होतात, देवळाचा नुकता रंगवलेला कळसही होतो. अशा गावात पांढरी पानं घेऊन उभी असलेली एक केळ माझ्या आत्याच्या परसात आहे.

सगळीच पांढरी नाही. एका पानाचा मधल्या दांड्याच्या डावीकडचा भाग दुधी पांढरा, उजवीकडचा हिरवा. त्याच्या वरच्या पानावर दांड्यापासून काठापर्यंत आडवे पट्टे, काही बोटभर रुंद, काही दोऱ्याएवढे. त्याच्याही वरचं पान जवळजवळ साधं, फक्त टोकाशी पांढरा शिंतोडा. हिरवाही एक नाही. गडद आहे, पोपटी आहे, आणि पांढऱ्याखालून हिरवा डोकावतो तिथे राखाडी आहे. बुंध्याच्या सोपटांवर हेच पट्टे उभे उतरलेत. पोग्यातून सुरळी वर येऊ लागली की आत्या, शेजारचे चाचा आणि गल्लीतली दोन-तीन मुलं रोज येऊन बघतात, कारण आतलं पान कसं निघणार हे उलगडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. साधी केळ आपलं पुढचं पान आधीच सांगून टाकते. ही सांगत नाही.

आत्या सकाळी ओला कपडा घेऊन तिची पानं पुसते. खालून तळहाताचा आधार द्यायचा, वरून कपडा दांड्याकडून काठाकडे न्यायचा, उलटा फिरवायचा नाही, नाहीतर पान शिरेच्या रेषेत फाटतं. लव पांढऱ्यावर दिसते, पण नडते ती हिरव्यावर. केळीचा सगळा प्रपंच त्या हिरव्यावर चालतो.

पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य नाही. तिथे ऊन पडतं आणि काहीच तयार होत नाही. पानाचा तो भाग वाढतो, पाणी पितो, श्वास घेतो, सगळं शेजारच्या हिरव्या पट्ट्याच्या कमाईवर. एरवी केळीचं सगळं पान कामावर असतं. म्हणून तर साधी केळ वर्षभरात जमिनीतून उठून पुरुषभर उंचीच्या वर जाते, घड देते. हिला तेवढीच पानं पोसायची असतात आणि कमाई अर्धी. म्हणून ती सावकाश वाढते. परसातल्या वेलची केळीने दोन पिढ्या काढल्या तोवर हिचा बुंधा मनगटाहून थोडा जाड झाला होता. तिला घाई नाही असं पाहुणे म्हणतात. तिला घाई परवडत नाही हे आत्याला माहीत आहे, आणि तिचं सगळं करणं त्या एका समजुतीतून येतं.

हे पट्टे येतात कुठून, तर जमिनीखालून. केळीचा आपल्याला दिसतो तो बुंधा म्हणजे खोड नव्हे. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो गठ्ठा. खरं खोड म्हणजे मातीतला कंद, आणि त्या कंदाच्या मध्यावर वाढीचं टोक. या टोकात पेशींचे थर असतात. कधीतरी एखाद्या पेशीत बदल होतो, ती हरितद्रव्य करायचं विसरते, आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी विसरतात. आता एकाच झाडात दोन घराणी नांदू लागतात, एक हिरवं आणि एक पांढरं, आणि प्रत्येक नव्या पानात दोघांचा वाटा किती हे पान जिथून फुटतं तिथल्या थरांच्या मांडणीवर ठरतं. म्हणून पानापानाचा नमुना वेगळा. म्हणूनच तिचं बी मिळत नाही. बाजारात चितकबऱ्या केळीचं बी म्हणून पुड्या विकायला येतात. खायच्या केळीला मुळात रुजणारं बी नसतं, आणि असतं तरी ही दोन घराण्यांची सोबत बियातून पुढे गेली नसती. टिश्यू कल्चरचंही तसंच. जळगावात जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळांतून ग्रँड नैनची लाखो रोपं निघतात, सगळी एका मापाची. पट्ट्यांची केळ तिथे नेली तर काचेच्या बाटलीत तिच्या थरांची मोडतोड होते. कुठून निव्वळ हिरवं रोप निघतं, कुठून निव्वळ पांढरं. पट्टा हमखास उतरतोच असं नाही. खात्रीची वाट एकच, आईच्या पायाशी फुटलेला पट्ट्यांचा मुनवा.

पट्टेदार केळींतली सगळ्यांत नावाजलेली केळ हवाई बेटांवरची. तिकडे तिला आए-आए म्हणतात, आणि मानिनी असंही एक नाव आहे, ते किनाऱ्यावरच्या एका पट्टेदार माशाचं. तिची फळंही हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिकली की पट्टे पुसट होत जातात. जुन्या हवाईत केळीच्या बहुतेक जाती बायकांनी खायच्या नाहीत असा कडक निर्बंध होता. खाल्लं तर प्राणावर बेतायचं. १८१९ साली तिथल्या राजाने बायकांच्या पंगतीत बसून जेवण घेतलं आणि तो निर्बंध मोडला. पुढे अशा केळी जगभर संग्राहकांच्या हौसेच्या झाल्या. करोनाच्या काळात थायलंडमध्ये पट्टेदार केळीच्या एकेका रोपासाठी लोकांनी मोटारीच्या किमती मोजल्या. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून, ऑनलाइन विक्रेत्यांकडून ती आपल्याकडेही पोचू लागली. आत्याची आली वाडा रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून, एका छोट्या काळ्या पिशवीत, दोन पानांची.

परसात ती लावली तेव्हा जो कुणी आला त्याने एकच प्रश्न विचारला. हिला रोग झालाय का? प्रश्न चुकीचा नव्हता. सत्यनारायणाला चार खुंट बांधणाऱ्या, लग्नाच्या मांडवाला केळी उभ्या करणाऱ्या, केळीच्या पानावर जेवलेल्या माणसांना निरोगी केळ कशी दिसते हे नीट माहीत असतं, आणि पट्टे हे सहसा आजाराचंच लक्षण असतं. खानदेशात रावेर, यावल, चोपड्याच्या बागांत कुकुंबर मोझॅक विषाणू येतो, तिकडचे शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. त्यातही पानावर शिरांच्या बाजूने पट्टे उठतात. फरक ओळखायला शिकावं लागतं. विषाणूचा पट्टा पिवळट, तुटक, अंधुक कडांचा. पान आखूड आणि ताठ होतं, पोगा सडू लागतो, झाड खुरटतं. हिचा पट्टा पांढरा किंवा सायीच्या रंगाचा, कडा सुरीने कापल्यागत स्वच्छ, पान मऊ आणि पूर्ण उघडलेलं. विषाणू माव्यातून पसरतो, काकडी-भोपळ्याच्या वेलांवरून येतो, आणि लागण झालेलं झाड उपटून नष्ट करण्यापलीकडे त्याला औषध नाही. हौसेने पट्टेदार रोप विकत घेणाऱ्याने हे आधी बघावं असं मला कळकळीने वाटतं. आजारी रोप दुर्मीळ म्हणून घरी आणलं तर शेजारच्या शेतकऱ्याची बाग जाऊ शकते.

मे महिन्यातलं भिवंडीचं ऊन तिला सोसत नाही, कारण पांढऱ्या भागाला उन्हापासून वाचवणारं काहीच नसतं. दुपारनंतर त्याच्या कडा तपकिरी होतात आणि मग कागदासारख्या कुरकुरीत. त्यावर उपाय सोपा. पूर्वेचं कोवळं ऊन द्यायचं, बारानंतर हिरवी जाळी ओढायची. पावसाळा तर तिचा मानाचा काळ. हवेत दमटपणा, ऊन ढगाआड, आठ-दहा दिवसांनी एक नवं पान. तेव्हा ती खरंच देखणी असते आणि लोक फोटो काढायला येतात.

तिची परीक्षा थंडीत असते.

भिवंडीच्या थंडीला थंडी म्हणायचं का, असं नाशिककर विचारतील. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. मुंबईपेक्षा इथे समुद्र लांब आहे. कसाऱ्याच्या घाटाकडून, पडघ्यावरून ईशान्येचा कोरडा वारा सरळ येतो. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांची नोंद आहे, तेव्हा किनाऱ्याजवळच्या माणसानेही थंडीबद्दल फार बेफिकीर राहू नये. माणसाला पंधरा अंश गुलाबी वाटतात. केळीला ते वेगळेच लागतात. तिला पंचवीस ते तीस अंश आवडतात. सोळाच्या खाली तिची वाढ मंदावते, दहाच्या आसपास जवळजवळ थांबते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत निघणारं पान थंडीत तीन-तीन आठवडे सुरळीतच राहतं. तोडलेल्या केळ्यालाही तेरा अंशांच्या खाली ठेवत नाहीत. सालीखालचा चीक गोठून तपकिरी रेघा उमटतात, फळ पिवळं व्हायच्या ऐवजी मळकट होतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं ते याच कारणाने.

साध्या केळीला भिवंडीची थंडी फार तर सुस्त करते. हिच्यावर ती दुप्पट पडते. अर्ध्या कमाईवर चालणाऱ्या घराची ती अर्धी कमाईही थंडीत बंद होते, आणि पांढऱ्या भागाचं खाणं मात्र चालू राहतं. आधी जुन्या पानांचे पांढरे काठ करपतात. मग पट्टाच्या पट्टा पातळ पडतो, त्यातून उजेड आरपार दिसू लागतो. कोरडा वारा असेल तर दोन रात्रींत महिन्याभराच्या पानाची रया जाते. नवं पान येईपर्यंत जे हिरवं उरलंय त्यावरच माघ काढायचा असतो. म्हणून थंडीत तिच्याकडे बघताना आत्या पांढऱ्याकडे बघत नाही. हिरवे पट्टे किती तजेलदार आहेत ते बघते. ते टिकले तर फाल्गुनात सगळं परत येतं.

थंडीशी केळीचं खरं वैर बघायचं तर जळगाव जिल्ह्यात जावं. तिथे थंडीने पानं आणि घड करपतात त्याला चरका म्हणतात. जूनची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग अशा दोन लागवडींमधून शेतकरी वर्ष जमवतो, आणि दोन्हींच्या वाटेत तापीकाठचा डिसेंबर-जानेवारी उभा असतो. कोवळी कांदेबाग असेल तर वाढ खुंटते. निसवणीला आलेली बाग असेल तर त्याहून वाईट. बुंध्यातून वर येणारा घड थंडीने आवळलेल्या पानांच्या देठांत अडकतो, अर्धा बाहेर, अर्धा आत, नाहीतर बुंध्याची कूस फाडून आडवा निघतो. त्यावर तिथे पिढ्यांनी जमवलेले आणि कृषी विद्यापीठाच्या माणसांनी तपासलेले उपाय आहेत. रात्री बागेला पाणी द्यायचं. पहाटे बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करायचा. घडांवर पिशव्या चढवायच्या. बुंध्याशी निंबोळी पेंड घालायची, पालाशची मात्रा चुकवायची नाही. वाऱ्याच्या बाजूला शेवरीची नाहीतर उंच गवताची भिंत करायची. रात्रभर उघड्या आकाशाखाली जमीन आपली ऊब वर सोडत असते. ओली जमीन दिवसा ती ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू देते, धुराचा पडदा ती लगेच वर जाऊ देत नाही. निरभ्र, वारा नसलेली रात्र सर्वांत घातक ती याचसाठी. ढग असले की शेतकरी निवांत झोपतो.

भिवंडीतल्या कुंडीला जळगावचा हा शहाणपणा जसाच्या तसा लावता येत नाही, आणि हौशी लोकांचं इथेच बिघडतं. आत्याची केळ मोठ्या ड्रममध्ये आहे. जमिनीत जागा नाही, परस सगळं फरशीचं. शेतात रात्री दिलेलं पाणी एकराच्या मातीत पसरतं, खाली झिरपतं, मातीच्या मोठ्या साठ्यातली ऊब वर आणतं. ड्रममधली माती चारी बाजूंनी हवेत उघडी असते. तिला रात्री पाणी दिलं तर ती पहाटेपर्यंत गार चिखल होते, आणि थंडीत झोपलेली मुळं ते पाणी ओढत नाहीत. मग कंद कुजतो. वरून पानं सुकल्यासारखी दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. कुंडीतल्या केळीला थंडीत कमी पाणी, तेही सकाळी दहाच्या सुमारास, गच्चीवरच्या टाकीतलं कोमट झालेलं. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच. दिवाळीनंतर खत बंद. ज्याला भूक नाही त्याच्या पानात वाढायचं नाही. आणि धूर? तीन बाजूंनी घरं असलेल्या परसात धूर करायचा नसतो.

मग काय करायचं? भिवंडीने त्याचं उत्तर आपल्या दोन धंद्यांतून दिलं.

पहिलं मागातून. चाचांच्या शेडमध्ये ग्रे कापड विणलं जातं, न धुतलेलं, न रंगवलेलं, मातकट पांढरं. त्यातलं विणीत चुकलेलं, व्यापाऱ्याने परत केलेलं थान त्यांनी एका थंडीत आत्याकडे आणून टाकलं. "ताई, दुकानात जाणार नाही हे. तुमच्या मेमसाबला ओढणी करा." ड्रमच्या कडेने चार बांबू रोवून त्यावर ते कापड टाकतात, पानांच्या वर वीतभर मोकळं ठेवून. कापड पानाला टेकलं तर टेकलेल्या जागी गारवा उतरतो आणि सकाळी तिथेच डाग दिसतो. सुती कापडच हवं. प्लास्टिक टाकलं तर आत रात्रभर घाम धरतो, पानांवर थेंब जमतात, बुरशी येते, आणि सकाळी काढायला तासभर उशीर झाला तर ऊन आत कोंडून पानं उकडतात. कापडातून हवा खेळते. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, फरशी अजून कोमट असताना, ते चढवायचं. काळोख पडल्यावर चढवलं तर ऊब निघून गेलेली असते. सकाळी ऊन परसात आलं की काढायचं.

दुसरं गोदामातून. समोरच्या गोदामावरचे वॉचमन दादा बबल शीटची भेंडोळी आणि थर्मोकोलचे तुकडे भंगारात जायच्या आधी बाजूला काढतात. बबल शीट पानांना नाही, ड्रमच्या अंगाला गुंडाळायची, दोन पदरी. फुग्यांतली अडकलेली हवा मातीची ऊब धरून ठेवते. थर्मोकोल ड्रमच्या खाली, कारण रात्री फरशीच सर्वांत गार. वरून मातीवर भाताच्या पेंढ्याचा जाड थर, बुंध्याला न टेकता. पेंढा पडघ्याकडच्या शेतातून येतो. एवढ्याने कंदाभोवतीची माती बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहते, आणि केळ शेवटी कंदात राहते. वरचं सगळं गेलं तरी कंद जिवंत असला तर तिचं घर बुडालं नाही.

तिसरी गोष्ट कुणी ठरवून केलेली नाही. ड्रमच्या मागची भिंत चाचांच्या शेडची. माग रात्रपाळीत चालतात, मोटारी तापतात, भिंत पहाटेपर्यंत हाताला कोमट लागते. केळ त्या भिंतीच्या दक्षिण अंगाला आहे, म्हणजे उत्तरेचा वारा अडतो आणि दिवसाचं तिरपं ऊनही मिळतं. सगळ्या परसात याहून चांगली जागा नाही. शुक्रवारी माग बंद असतात. शुक्रवारच्या रात्री भिंत गार असते, आणि आत्या त्या दिवशी कापड दुहेरी टाकते. वीज गेली, धंदा मंदा आहे म्हणून शेड आठवडाभर बंद राहिली, सूत महागलं, हे सगळं तिला त्या भिंतीतून कळतं. गेल्या काही वर्षांत जुने माग भंगारात निघतायत, शेडच्या जागी गोदामं होतायत. चाचांनी माग विकले तर केळ कुठे हलवायची, हा विचार आत्या करून बसली आहे. तिने माझ्याकडून गच्चीवरच्या जिन्याच्या आडोशाचं मापही घेऊन ठेवलं आहे.

याहून कडक थंडीत लोक केळी जगवतात. जपानमध्ये बाशो नावाची एक केळ आहे, तिचं फळ खाण्याजोगं नसतं, मोठी पानं वाऱ्याने फाटतात, पण बर्फाखालीही तिचा कंद मरत नाही. सतराव्या शतकातल्या एका कवीच्या झोपडीपाशी शिष्याने ती लावली, आणि तो कवी त्या झाडाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला तेव्हापासून मात्सुओ बाशो आपल्याकडेही परिचयाचा आहे. इंग्लंडात ही केळ थंडीभर पेंढ्यात आणि जाळीत बांधून ठेवतात. अमेरिकेत ईशान्येकडे राहणारे लोक नाजूक जातीच्या केळी पहिल्या हिमाआधी खणून काढतात, पानं छाटतात, माती झाडतात, आणि कंद बुंध्यासकट तळघरात कोरडा निजवतात. एप्रिल-मे मध्ये परत मातीत. ते बघून आपल्याकडच्या कुणीही पट्टेदार केळीचा असा प्रयोग करू नये. कंदात साठवलेल्या शिदोरीवर त्या केळींना थंडी झोपून काढायची असते, आणि हिची शिदोरी मुळातच थोडी. हिला थंडीत जागी ठेवावी लागते, उजेडात, तिची हिरवी पानं जितकं कमावतील तितकं कमवू देत.

आधीच्या बुंध्याने एकदा केळफूल काढलं, तेही ऐन मार्गशीर्षात. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. देठ आवळलेले, केळफूल वर यायला मागेना. रोज थोडं, मग दोन दिवस काहीच नाही. शेवटी वाकडा, एका कुशीने निघाला तो लोंगर, तीन फण्यांचा. केळी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. गल्लीतल्या मुलांनी ती रंगवलेली आहेत की काय म्हणून नखाने खरवडून बघितली. थंडीत ती फुगायची थांबली, संक्रांतीनंतर पुन्हा भरू लागली, आणि चैत्रात आत्याने कच्चीच उतरवून त्यांचे काप केले, तांदळाच्या पिठात घोळवून, तव्यावर. एक ताटली चाचांकडे, एक गोदामावर. चव साध्या कच्च्या केळ्याची. घड दिला की तो बुंधा संपतो, हे सगळ्या केळींचं ठरलेलं. आत्याने तो कापला आणि तेव्हापर्यंत पायाशी आलेल्या मुनव्यांकडे बघितलं.

तिथे तीन होते. एक निव्वळ हिरवा, तलवारीच्या पात्याची पानं, सगळ्यांत जोरदार. त्याला ठेवला असता तर दोन वर्षांत ड्रम त्याचा झाला असता आणि पट्ट्याचं नाव उरलं नसतं. हिरवी फूट दुप्पट कमावते, त्यामुळे नेहमी पुढे जाते. दुसरा अख्खा पांढरा, टोकापासून बुडापर्यंत, मोगऱ्याच्या कळीच्या रंगाचा. बघायला येणारे त्याच्यापाशीच थांबत, विकत मागत. आत्याने तो कुणाला दिला नाही. आईपासून तोडला की तो आठवड्या-दोन आठवड्यांत मरणार, त्याला स्वतःचं असं एक घासही कमावता येत नाही. पैसे घेऊन मरणारं रोप देणं तिला जमलं नसतं. आईच्या मुळांवर तो पुढच्या थंडीपर्यंत जगला, आणि पौषात कडेकडेने तपकिरी होत गेला. तिसऱ्यावर पट्टे होते, पानाच्या दोन्ही अंगांना, बुडाशीही, म्हणजे वाढीच्या टोकात दोन्ही घराणी आहेत. तो आजची केळ झाला.

आता तिला पुन्हा मुनवे आलेत, आणि पट्ट्यांचे दोन आहेत. हिरवा पडघ्याच्या शेतात गेला, पेंढा देणाऱ्यांच्या बांधावर. साधी केळ म्हणून तो उत्तम चाललाय. पट्ट्यांचा एक नाशिकला माझ्या आतेबहिणीकडे जायचा होता, आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली. निफाडला पारा पाचाच्या खाली गेल्याच्या बातम्या थंडीत येतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. तिथे ही कशी तगणार? आत्याने थंडीत द्यायला साफ नकार दिला होता. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तिने स्वतः पहार घेतली, मुनव्याच्या आणि आईच्या मधोमध सरळ खाली मारली, कंदाचा तुकडा आणि मुळांचा झुबका घेऊन तो अलगद काढला, मोठी पानं अर्ध्यावर छाटली म्हणजे मुळं धरेपर्यंत फार पाणी उडायला नको, आणि ओल्या गोणपाटात बांधला.

"मोठ्या कुंडीतच लाव," ती सांगत होती. "जमिनीत लावलास तर थंडीत आत घेता येणार नाही. दिवाळीपर्यंत त्याला भरपूर खाऊ-पिऊ दे, मुळं धरली पाहिजेत. मग खत बंद. बारा अंशाच्या खाली जाणार असं बातम्यांत सांगितलं की रात्री घरात, खिडकीपाशी, पण उत्तरेच्या नाही. दिवसा बाहेर उजेडात. हिरवी पानं जपायची, पांढऱ्याचं काही जळलं तर कापून टाकायचं, रडत बसायचं नाही."

पिशवीत मुनव्याच्या शेजारी तिने चाचांकडच्या कापडाची घडी ठेवली.

"अगं आई, नाशिकला कापड मिळतं," बहीण म्हणाली.

"मिळत असेल. हे विरळ विणीचं आहे, यातून हवा जाते. आणि सकाळी ऊन आलं की काढायचं. तसंच टाकून ऑफिसला निघून जायचं नाही."